बिदरीची पारख

मराठी घरांतील मुलांच्या कानांवर बीदरचे नाव प्रथम पडते ते दामाजीपंतांच्या कथेतून. मंगळवेढ्याच्या या कारभाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, बेदरचा बादशहा संतापला, आणि पंढरीचा विठ्ठल विठू महाराचा वेष घेऊन धान्याची किंमत चुकती करण्यासाठी दरबारात जाऊन उभा राहिला, ही कथा कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. थैली लहान, पण मोहरा ओतता ओतता संपेनात. खजिन्यावरील कारकुनांनी त्या मोहरा वाजवून घेतल्या की नाही, हे मात्र कोणी कीर्तनकार सांगत नाही. वस्तू हातात घ्यावी, तोलावी, वाजवावी आणि मगच तिचे खरेखोटे ठरवावे, हा व्यवहार बेदरलाही चुकलेला नाही. त्यातील अवघड कसोटी मोहरांची नव्हे. ती आहे एका काळ्या धातूच्या भांड्याची. त्या भांड्याला शहराचेच नाव मिळाले आहे. ते भांडे म्हणजे बिदरी.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग त्या वेळच्या मुंबई राज्यात आला. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. नकाशावर रेघ पडली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. भालकी-औरादकडील घरांतून मराठी गेली नाही. आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, एखादी बिदरी फुलदाणी किंवा सोंड उंचावलेला वीतभर हत्ती हमखास आढळतो. कोणाच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात तो मिळालेला असतो, कोणाला लग्नात आहेर म्हणून आलेला असतो. पाहुणा आला की त्याच्याकडे बोट दाखवून, ‘ही खरी चांदी बरे का,’ असे अभिमानाने सांगितले जाते. ती वस्तू चांगली आहे की सामान्य, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हाच प्रश्न त्या घरातील नातवंडे मात्र आपल्या वस्तूंविषयी मोठ्या दक्षतेने विचारतात. अलीकडे चित्रपटांतील अचाट पराक्रमी नायकांच्या छोट्या मूर्ती जमविण्याचा छंद मुलांना, आणि पुष्कळ मोठ्या माणसांनाही, लागला आहे. अशी मूर्ती हातात आली की मुलगा प्रथम तिचे सांधे हलवून पाहतो. मग मुखवट्याचा रंग जेथे संपतो आणि कातडीचा रंग जेथे सुरू होतो, ती रेषा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळतो. रंग रेषेबाहेर सांडला असेल तर मूर्ती हलकी, असा त्याचा तात्काळ निर्णय असतो. या परीक्षेला कोणी पोरखेळ म्हणू नये. दोन रंग जेथे भेटतात तेथे कारागिराचा हात उघडा पडतो, हे त्या मुलाने बरोबर ओळखलेले असते. बिदरीची पारखही त्याच ठिकाणी सुरू होते: काळे आणि पांढरे जेथे भेटते तेथे.

ही कला बीदरला केव्हा आली, याविषयी परंपरा असे सांगते की, बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बीदरला हलविली, इराणकडील कारागीर आपल्या दरबारी बोलाविले, आणि त्यांतील अब्दुल्ला बिन कैसर नावाच्या उस्तादाने येथील लोकांना हे काम शिकविले. परंपरेचा मान राखावा. परंतु बहमनी काळाचा आकडा कोरलेली एकही बिदरी वस्तू आज दाखविता येत नाही. जगातील संग्रहालयांत ज्या सर्वांत जुन्या वस्तू जपल्या आहेत, त्या साधारणपणे सतराव्या शतकातील मानल्या जातात. तथापि बीदरच्या किल्ल्यात एक साक्षीदार उभा आहे. अली बरीदशहाने (१५४२ ते १५८०) सजविलेल्या रंगीन महालात काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे असे काही बसविले आहेत की, मावळतीचा प्रकाश आत आला म्हणजे काळोखातून वेली उमलल्यासारख्या वाटतात. दगडाच्या जागी जस्त आणि शिंपल्याच्या जागी चांदी घातली की बिदरी झाली! यावरून एकातून दुसरे निघाले असे सिद्ध होत नाही. परंतु काळ्यावर पांढरे पाहण्याची हौस या शहराच्या डोळ्यांत बिदरीच्या जुन्यात जुन्या नमुन्याआधीपासून होती, एवढे तरी म्हणावयास हरकत नाही.

या हौसेला मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले ते तंबाखूने. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तेथून परतताना, १६०४ च्या सुमारास, त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी बादशहाला नजर केली. तंबाखू दख्खनमार्गे उत्तरेत पोचल्याची ही प्रसिद्ध हकिकत आहे. पुढे शंभर वर्षांत हुक्का हे सरदारी बैठकीचे अंगच होऊन बसले. हुक्क्याच्या तळाशी पाणी भरण्याचे भांडे हवे. ते जड हवे, म्हणजे नळी ओढली तरी कलंडत नाही. आणि सर्वांच्या नजरेसमोर राहणारे असल्याने देखणेही हवे. जस्ताची ओतीव बिदरी या कामाला तंतोतंत जुळली. जुन्या वस्तूंचे वय ठरविताना जाणकार प्रथम या भांड्याचा घाट पाहतात. अगदी गोल, खाली वेगळे कडे ठेवल्यावाचून उभे न राहणारे भांडे असेल तर ते बहुधा आधीच्या काळातील. खाली पसरट बूड असलेले, घंटेच्या आकाराचे असेल तर अठराव्या शतकातील किंवा त्यानंतरचे. पानदान, पिकदाणी, सुरई, तबके हा सारा बैठकीचा संसारही याच धातूत घडू लागला. जाजमाच्या चार कोपऱ्यांवर ठेवावयाचे मीर-ए-फर्श नावाचे वजनदार गोळेही बिदरीचे होत. वाऱ्याने चादर उडू नये एवढेच त्यांचे काम. पण त्यांच्यावरही खसखशीच्या फुलांचे ताटवे कोरलेले असत.

आता ही वस्तू घडते कशी, हे थोडे सावकाश पाहिले पाहिजे. कारण घडविण्याच्या प्रत्येक पायरीवर एक दोष राहू शकतो, आणि पारख म्हणजे तो दोष कोणत्या पायरीवर राहिला हे ओळखणे.

पहिली पायरी ओतकामाची. जस्तात थोडे तांबे मिसळतात; साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण सांगितले जाते, जुन्या वस्तूंत थोडे शिसे आणि कथीलही सापडते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन जाते. तांब्याला वितळण्यास तर हजाराहून अधिक अंश लागतात. म्हणजे ही मूस सांभाळणे सोपे नव्हे. आच अधिक झाली तर जस्त धूर होऊन उडते. एरंडेल आणि राळ घालून मळलेल्या मातीच्या साच्यात हा रस ओततात. साचा नीट भरला नाही तर अंगावर बारीक छिद्रे राहतात. कारागीर कानशीने ती घासतो, पण खोल छिद्र घासून जात नाही. म्हणून चांगली वस्तू हातात घेतली की प्रथम तिचे अंग पाहावे, नक्षी नव्हे. नक्षीच्या गर्दीत छिद्र लपते. मोकळ्या काळ्या जागेत ते लपत नाही. जेथे मुळीच मोकळी जागा सोडलेली नाही, त्या वस्तूकडे पारखी माणूस थोडा संशयानेच पाहतो.

दुसरी पायरी कोरण्याची. घासलेले अंग शिशासारखे करडे दिसते, म्हणून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात. त्यावर पोलादी टोकाने काढलेली रेघ पांढरी उमटते. जुना उस्ताद छापा किंवा कागद न ठेवता, केवळ हाताने, वेल सोडीत जातो. मग छिन्नीने त्या रेघेचा चर खणतात. हा चर खाली किंचित रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद असावा लागतो. शेतकरी बांधाच्या पोटात दगड जसा बसवितो, तशी चांदी त्यात अडकून बसते. चर नुसताच सरळ असेल तर तार आज बसेल, पण दहा वर्षांनी तिचे टोक वर येईल.

तिसरी पायरी जडविण्याची. चांदी शुद्ध हवी, कारण शुद्ध चांदी मऊ असते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी चराच्या कानाकोपऱ्यात शिरते. नुसती तार ठोकली तर तारकशी. पत्र्याचे तुकडे कापून अंगाशी सपाट बसविले तर तहनिशान. नक्षी किंचित उठावाची ठेवली तर जरनिशान, फारच उंच उठविली तर जरबुलंद. आफताबीत उलटाच प्रकार. तेथे चांदीचा सलग पत्रा कापून चढवितात आणि कापलेल्या जागेतून खालचा काळा धातू वेलबुट्टी होऊन दिसतो. यांपैकी कोणता प्रकार श्रेष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु बाजारात जरबुलंदाची उंची पाहून गिऱ्हाईक भुलते, त्याला वाटते की चांदी जाड आहे. वरच्या पत्र्याखाली दुसराच मऊ धातू असू शकतो, हे त्याला ठाऊक नसते. उलट तारकशीचे काम नाजूक, सपाट, दुरून जवळजवळ न दिसणारे. आणि तेथेच हाताची खरी परीक्षा. बोटाचे पेर नक्षीवरून अलगद फिरवावे. डोळ्यांना रेघ दिसावी आणि बोटाला ती लागू नये, हे चांगल्या तारकशीचे लक्षण होय.

शेवटची पायरी काळे करण्याची. जडाव झाल्यावर वस्तू पुन्हा घासतात, तेव्हा मोरचुदाचा काळा रंग निघून जातो. आता जस्तही पांढुरके आणि चांदीही पांढुरकी. आठवडेच्या आठवडे खपून काढलेली नक्षी या क्षणी जवळजवळ नाहीशी होते. मग वस्तू मंद तापवून तिच्यावर नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीचा लेप लावतात. पाहता पाहता जस्ताचे अंग काळेभोर होते आणि चांदीला काही होत नाही. ही माती कोठलीही चालत नाही. वर्षानुवर्षे जिला ऊन आणि पाऊस लागलेला नाही अशा, जुन्या इमारतींच्या आडोशाची माती लागते; तिच्यातील क्षार हे तिच्या गुणाचे कारण मानले जाते. ती कामाची आहे की नाही हे कारागीर कसे ओळखतात? जिभेवर ठेवून. काचेच्या नळ्या आणि तराजू असलेल्या प्रयोगशाळेलाही कठीण जावे असे निदान एक वृद्ध उस्ताद चिमूटभर माती चाखून करतो, आणि मग थुंकून कामाला लागतो. रसायनशास्त्राने एवढे मात्र दाखविले आहे की, मातीइतकेच मुशीतील थोडेसे तांबेही महत्त्वाचे; निव्वळ जस्ताला असा गहिरा काळेपणा येत नाही.

म्हणून बिदरीची पारख चांदीवरून करू नये, काळ्यावरून करावी. चांदी बाजारात विकत मिळते. तो काळा रंग मिळत नाही. ओतीव स्वच्छ असेल, तांबे योग्य पडले असेल, घासणे एकसारखे झाले असेल, आणि माती खरी असेल, तरच तो सर्वत्र सारखा, खोल आणि किंचित मखमली उतरतो. डाग, करडेपणा, तांबूस छटा यांतून मागील एखादी चूक बोलत असते.

हे ज्ञान पूर्वी गिऱ्हाइकाच्या अंगी होते. नबाबाच्या किंवा जहागीरदाराच्या हातात तेच पानदान दिवसातून वीस वेळा जाई. सुटलेली तार त्याच्या बोटाला टोचे, आणि कारागिराला बोलावणे जाई. एकोणिसाव्या शतकात परीक्षक बदलला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या, आणि तेथून त्या दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, जाऊ लागल्या. बेळगावात १८३२ साली जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुडने १८८० च्या आपल्या भारतीय कलाकौशल्यावरील ग्रंथात बिदरीची दखल घेतली. १९०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात जॉर्ज वॅटने देशभरच्या कामांची तपशीलवार यादी केली, तेव्हा बीदरबरोबर लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद येथील बिदरीही विचारात आली. या विद्वानांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या नोंदी नसत्या तर पुष्कळ प्रकार विसरले गेले असते. परंतु प्रदर्शनातील वस्तू काचेआड असते. तिच्यावरून बोट फिरविता येत नाही, ती हातात तोलता येत नाही. जे दुरून दिसेल तेच मोलाचे ठरते. नक्षी दाट होत गेली, मोकळे काळे कमी होत गेले, याचे एक कारण येथे असावे.

तिसरा परीक्षक आला तो स्वातंत्र्यानंतर, सरकारी हस्तकला भांडारांच्या रूपाने. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, जहागिऱ्या गेल्या, हुक्के थंडावले. पानदानाला मागणी राहिली नाही. कारागिरांनी राखदाण्या, सिगारेटच्या पेट्या, बाहुबंद, कर्णफुले, हत्ती, घोडे आणि फुलदाण्या घडविल्या आणि धंदा जगविला. मुसलमान आणि लिंगायत अशा दोन्ही समाजांतील घरे या कामात होती आणि आहेत. २००६ साली बिदरीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. २०११ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात कर्नाटकाचा चित्ररथ बिदरीचा होता. २०२३ साली बीदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव योग्यच झाला. परंतु भौगोलिक निर्देशांक वस्तू कोठली आहे हे सांगतो. एकाच गल्लीत घडलेल्या दोन वस्तूंपैकी चांगली कोणती, हे तो गिऱ्हाइकाला सांगत नाही. ते गिऱ्हाइकालाच पाहावे लागते.

आणि गिऱ्हाईक पाहत नाही, येथे कारागिराचे मरण आहे. चांदी महाग झाली. ज्याला स्वस्त विकावयाचे आहे तो तार बारीक करतो, चर उथळ ठेवतो. उथळ चर लवकर खणून होतो. त्याच्याही खाली उतरणारा माणूस ॲल्युमिनियम ओतून वर काळा रंग फासतो. दुकानाच्या फळीवर दोन फुलदाण्या शेजारी शेजारी ठेवल्या तर हात लावल्यावाचून फरक कळणे कठीण. हात लावला तर कळते. जस्त ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून अधिक जड असते, त्यामुळे खोटी वस्तू उचलताक्षणीच हात फसल्यासारखा वर जातो. फासलेला रंग नखाने किंवा दाराआड घासल्याने निघतो. मातीने आणलेला काळेपणा धातूच्या अंगातच उतरलेला असतो. चांदी खरी असेल तर हवेतील गंधकाने काही काळाने ती मळकट पिवळी पडते, आणि मऊ फडक्याने पुसली की उजळते. जी रेघ वर्षानुवर्षे काही न करता लखलखत राहते, तिच्याविषयी खुशाल शंका घ्यावी. एक चाचणी मात्र कोणी करू नये: वस्तू फरशीवर टाकून आवाज ऐकण्याची. ओतीव जस्त ठिसूळ असते. खरी बिदरी फुटेल, आणि नकली शाबूत राहील!

जाणकार संग्राहक वस्तू उलटी करून बूडही पाहतो. तेथे नक्षी नसते, विकणाऱ्याचे लक्ष नसते, आणि म्हणून तेथे कारागिराची सवय दिसते. बूड नीट घासले असेल, त्याच्या कडेवर काळा रंग सारखा असेल, तर वरचे कामही मन लावून झाले असण्याचा संभव फार. एका फुलदाणीला आठ दिवस देणारा आणि तशीच दिसणारी दोन दिवसांत उरकणारा, या दोघांना जर बाजारात एकच दाम मिळू लागला, तर पहिल्याचा मुलगा छिन्नी हाती घेणार नाही. तो बंगळूरला किंवा हैदराबादला नोकरी पाहील, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

जुन्या घरांतील बिदरीची दुसरीच कथा आहे. सणासुदीला देवाची भांडी घासावयास निघाली की त्यांच्याबरोबर आजोबांचे पानदानही चिंच आणि राखेखाली जाते. आंबटाने जस्ताचे काळे अंग खरवडून निघते. चार-पाच दिवाळ्यांत ते पानदान आतबाहेर करडे होते, नक्षी शोधावी लागते, आणि घरातील माणसे ते जर्मन सिल्व्हरचे समजून मोडीत घालावयास काढतात. अशा वस्तूला खोबरेल तेलाचा हलका हात आणि कोरडे फडके एवढेच हवे असते. क्वचित कोणी ती बीदरला घेऊन जातो. कारागीर ती हातात तोलतो, उलटी करतो, अंगठा फिरवितो. मग तापवून, नवसागर आणि किल्ल्याच्या मातीचा लेप देऊन ती पुन्हा काळी करतो, आणि घासण्यात हरवलेली वेल समोर उभी राहते. जेथे तारच झिजून गेली आहे, तेथे चर तेवढा मोकळा दिसतो.